न खरवडलेला सांधा

५ ऑक्टोबर

ठोक्या,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. दोनच पानं आहेत. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चौथीत शाळा सुटली तिथेच ते थांबलंय. लागायला वेळ लागेल. लागू दे.

ख्यालीखुशाली विचारत नाही. अकरा वर्षांत विचारली नाही, आता विचारली तर तुलाच संशय येईल.

बाबांच्या गळ्यात गाठ आहे. चार महिने आवाज बसला म्हणून गरम पाणी पीत राहिले आणि मी डॉक्टरचं नाव काढलं की माझ्यावरच खेकसायचे. खेकसणं ऐकू येईना झालं तेव्हा नेलं. स्वरयंत्र काढावं लागणार आहे. दहा नोव्हेंबर, मंगळवार. त्यानंतर आवाज कायमचा बंद. तसा आताही नाहीच, तोंडातून नुसती हवा येते. मी लहान मुलांची पाटी आणून दिलीय, तिच्यावर लिहितात. हात थरथरतो, त्यामुळे त्यांचं अक्षर आणि माझं अक्षर आता बहीणभाऊ दिसतात.

तुझ्या बेटावर फोन नाही. तुमच्या हवामान खात्याच्या ऑफिसात जाऊन आले. खिडकीतला कारकून म्हणाला, आमच्या वायरलेसवरून घरचा निरोप जातो, पण फक्त मृत्यूचा, आणि दाखला दाखवावा लागतो. मी म्हटलं, म्हणजे माणसाने आधी मरायचं आणि मग निरोप धाडायचा. तो म्हणाला, बाई, नियम मी केलेला नाही. म्हणून पत्र. बोट एकाआड एक गुरुवारी सुटते, ती चुकली की पंधरा दिवस गेले, एवढं मी विचारून घेतलंय.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात एक पार्सल आलं. बाबांनी मला न सांगता मागवलेलं. आत साबणाच्या डबीएवढी पत्र्याची डबी, एक भोकाभोकांची हिरवी पट्टी, आणि पुड्यांमध्ये बारीक बारीक सामान. मोर्सचे ठोके हवेतून पाठवायचा आणि ऐकायचा छोटा सेट, स्वतः जोडायचा. जुना मोठा सेट संपला. तू गेलास त्या दिवशी बाबांनी त्याच्यावर कापड टाकलं ते पुन्हा काढलं नाही, आतल्या तारा उंदरांनी खाल्ल्या. लायसन मात्र दरवेळी न चुकता नवं करून घेतलं. कशासाठी, मी विचारलं नाही.

त्यांना बारीक दिसत नाही आणि हातात चिमटा धरवत नाही. पार्सल माझ्यापुढे सरकवलं आणि पाटीवर लिहिलं, तू कर. मी म्हटलं, मी पाण्याच्या मोटारी आणि गिरणीचे पंखे गुंडाळते, हे मला काय कळणार. (तुला ठाऊक नसेल, मी मोटार वायंडिंगच्या दुकानात लागले त्याला आता नऊ वर्षं झाली.) त्यांनी पुसलं आणि लिहिलं, तार तीच.

तुझं नाव लिहिलं नाही. पण मी काही दुधखुळी नाही. एकाच माणसाशी ते रोज ठोक्यांनी बोलायचे, सकाळी साडेसहाला, रेडिओवरच्या तुमच्या दोघांच्या ठरलेल्या जागेवर. आवाज जायच्या आधी नाही जमलं, निदान गेल्यावर बोलता यावं, एवढंच त्यांच्या मनात आहे. दवाखान्यातून परत येतीलच असं डॉक्टर छातीठोक सांगत नाही, म्हणून ते आधी हवंय.

तू येऊ नकोस हवं तर. फक्त ऐक. दिवस मी कळवते.

ताई


१९ ऑक्टोबर

ठोक्या,

पाकीट परत आलं. वर लिहिलंय "घेण्यास नकार" आणि खाली तुझी सही. सही सुधारलीय तुझी.

राग आला नाही असं नाही, पण नवल वाटलं नाही. मी तुझ्याशी शेवटचं बोलले ते दारात उभी राहून, आणि शब्दही मला पाठ आहेत. आई जाऊन वीस दिवस झाले होते. मरणाचा निरोप उशिरा मिळून तू बोटीतून उतरून थेट आलास, हातात पिशवी, आणि विचारलंस, मला आधी कळवलं का नाही. बाबा म्हणाले, पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तुला हाक मारत होतो. आई सिरीयस आहे, निघ. तू ऐकलं नाहीस. तू म्हणालास, मी रोज सेटवर बसत होतो, काही आलं नाही. ते म्हणाले, खोटारडा. तू म्हणालास, खोटारडे तुम्ही. आणि मग मी मध्ये पडले. ज्याला स्वतःची आई मेलेली वीस दिवसांनी कळते त्याला हे घर नाही, असं म्हणून मी कडी घातली. तुझी पिशवी अर्धी आत होती, ती पायाने बाहेर ढकलली.

तिघांत सगळ्यात मोठ्याने मी ओरडले. शेजारची शिंपीण आजही काढते ते. जीभ माझी अशीच आहे, त्याला इलाज नाही.

ते राहू दे. सेटचं सांगते, म्हणजे तुला कळेल की आम्ही इथे झोपा काढत नाही.

डाग द्यायला मला शिकवावं लागलं नाही. दुकानातलं माझं कथील आणि इस्त्री, म्हणजे डाग द्यायची, घरी आणली. बाबा भिंग धरून एकेक भाग निवडतात, मी लावते. चुकीच्या भोकात घातला की टेबलावर बोटाने एकदा ठोकतात. बरोबर घातला तरी एकदा ठोकतात. मी म्हटलं, बरोबरला दोनदा ठोका, नाहीतर मी उठते. आता दोनदा ठोकतात.

मग कड्या आल्या. अंगठीएवढ्या, चार. त्यांच्यावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळायची, कागदावर आकडे दिलेत, हिला सोळा वेढे, तिला चौदा. म्हटलं, हे तर माझ्या हातचं काम. अर्ध्या तासात चारही गुंडाळल्या, वेढ्याला वेढा लागून, मिस्त्रीला दाखवाव्यात अशा. एरियलच्या जागी बॅटरीचा बल्ब लावून बघायचा असतो, किती पेटतो त्यावरून किती ताकद बाहेर पडते ते कळतं. लावला. आजारी माणसासारखा पेटला. आणि आतला एक भाग इतका तापला की बोट चिकटलं.

बाबांनी पाटीवर लिहिलं, वेढे मोज. मी म्हटलं, मला वेढे मोजायला सांगता, नऊ वर्षं मी दुसरं काय करते. पुन्हा तेच लिहिलं, मोज. मोजले. सोळाला सोळा. मी पाटी उचलून बाजूला ठेवली आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडे तार पूर्ण फिरून परत आली की एक वेढा. इथे कडीच्या भोकातून एकदा आत गेली की एक. म्हणजे माझ्या चारही कड्यांवर एकेक वेढा जास्त. दिसायला काही नाही, पण अर्धी ताकद तिथेच जिरते. चारही उकलल्या, एकेक कमी केला. मधली कडी तीनदा करावी लागली, कारण हात रागात होता. बल्ब असा पेटला की बाबांनी डोळ्यांवर हात धरला. दोनदा ठोकलं. मी म्हटलं, बरं बरं.

यंत्रात आणखी एक बदल त्यांनी करायला लावला. त्याच्यासोबत आलेलं क्रिस्टल, म्हणजे रेडिओवरची जागा ठरवणारा खडा, वेगळ्या जागेचं आहे, तिथे तू कधी नसायचास. म्हणून ते काढलं, आणि जुन्या सेटमधलं तुमचं जाडं क्रिस्टल, ते काड्यापेटीसारखं, ते बसवायला सांगितलं. बसेना. डबीच्या झाकणाला चौकोनी भोक पाडलं आणि क्रिस्टल वर उभं राहिलं, घराला माळा काढल्यासारखं. हे सगळं फक्त तुझ्या जागेवर पोचायला.

हेही परत करशील. करून बघ. पुन्हा लिहीन.

ताई


२९ ऑक्टोबर

ठोक्या,

दुसरंही परत आलं. पाकिटावर माझं अक्षर बघूनच परत करतोस ना. या वेळी पत्ता मी लिहिणार नाही. दुकानातल्या मिस्त्रीकडून लिहून घेईन आणि आत सगळीच पत्रं घालीन, आधीची परत आलेलीसुद्धा. मिस्त्रीचं अक्षर छापल्यासारखं आहे, तुला वाटेल सरकारी कागद आला.

आज सरळ लिहिते. आम्ही कोणाला ऐकू जात नाही.

घड्याळजी तुला आठवतो? बाबांचा दोस्त, त्याच्याकडेही लायसन आहे. दोन तासांवर राहतो. रविवारी सकाळी तो आपल्या सेटवर बसला आणि इकडे बाबा. बाबांचा ठोके मारायचा खटका तोच जुना, पितळेचा, घासून ठेवला होता. अकरा वर्षांनी त्यावर हात ठेवला. हात थरथरतो म्हणून मनगटाखाली मी घडी केलेला टॉवेल दिला. अर्धा तास हाक मारली. नंतर घड्याळजीचा दुकानात फोन आला, काही आलं नाही. सोमवारी पुन्हा. काही नाही. बुधवारी पुन्हा. तो म्हणाला, नुसती खरखर आहे, तुमचा सेट चालतो तरी का.

सेट चालतो. बल्ब पेटतो. मी दहादा लावून बघितलाय. बल्बपर्यंत येतं आणि एरियलला लावलं की कुठे जातं देव जाणे.

बाबा म्हणतात, म्हणजे लिहितात, हवा वाईट असेल, सूर्यावर डाग आले की असं होतं. आईच्या वेळीही हेच म्हणत होते. तेव्हा ऐकायचा रेडिओसुद्धा मुका झाला होता, इतर वेळी दहा माणसं ऐकू यायची तिथे एखादं ऐकू यायचं. हवा मेलीय, म्हणायचे. पण मुलाला माझा हात ओळखू येतो, इतक्या बारीक आवाजातही त्याला कळेल, असं म्हणून ठोकत राहायचे.

आज त्यांनी पाटीवर लिहिलं, राहू दे. बारा दिवस उरले. आणि कापड मागितलं, सेटवर टाकायला. मी दिलं नाही.

उद्या गच्चीवर जाते. सेट ठीक, खटका ठीक, मग राहिली काय ती गच्चीवरची एरियलची तार. बाबांना जिना चढवत नाही, आणि मीही त्या टोकाला कधी जात नाही. कपडे मी अलीकडच्या दोरीवर वाळत घालते.

ताई


३ नोव्हेंबर

ठोक्या,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा लिहितेय ते फाडायला वेळ उरला नाही म्हणून. परवा गुरुवारची बोट आहे.

एरियलची तार गच्चीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत आहे, तशीच, अकरा वर्षं. पलीकडच्या खांबापासून, जिथून ती खाली सेटकडे उतरते, चार हातांवर एक सांधा आहे. दोन टोकं एकमेकांवर पिळलेली, दहा पिळे, एकसारखे, नीटनेटके. लांबून बघितलं तर कोणीही म्हणेल, काय छान जोडलंय.

मी दुकानातला तपासायचा दिवा नेला होता. एक टोक सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे. जोड असेल तर दिवा लागतो. लागला नाही.

तुला कारण सांगायला नको, पण लिहिते, म्हणजे मी काय केलंय ते माझ्याच अक्षरात राहील. ही तार उघडी दिसते पण उघडी नसते. तिच्यावर लाखेसारखा मुलामा असतो, तांब्याच्याच रंगाचा. तो खरवडल्याशिवाय तारेला तार लागत नाही. कितीही पिळा, वरून जोड आणि आतून काही नाही. दुकानात पहिल्या दिवशी मिस्त्रीने मला हेच शिकवलं. खरवडल्याशिवाय जोड नाही. नऊ वर्षं रोज दोनशे टोकं खरवडते मी. पण तो सांधा त्याच्या आधीचा आहे.

सांधा माझा आहे.

आई अंथरुणात होती. दिवसाला सहा-सहा चादरी निघायच्या. दोरी भरली म्हणून मी एक ओली चादर त्या तारेवर टाकली. बाबांनी तारेला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, तरी टाकली. खरं तर म्हणूनच टाकली. दिवसभर हे बाप-लेक ठोके मारणार आणि चादरी मी पिळणार, असं डोक्यात होतं. तार तुटली. मी घाबरले, टोकं ओढून पिळली, चादर उचलली आणि खाली आले. कोणाला सांगितलं नाही. जोडली ती जोडली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा तुला हाक मारायला लागले.

म्हणजे ते खोटं बोलत नव्हते आणि तूही खोटं बोलत नव्हतास. ते पाच दिवस ठोकत होते आणि तू पाच दिवस बसला होतास. मध्ये माझे दहा पिळे होते.

एवढंच असतं तर अडाण्याची चूक म्हणून पचलं असतं. पुढचं लिहिते. तू दारात उभा राहून म्हणालास ना, काही आलं नाही, तेव्हा ती तार माझ्या डोळ्यांपुढे आली. त्याच क्षणी. मला मुलामा ठाऊक नव्हता, पण तार तुटली होती हे तर ठाऊक होतं. बोलायचं होतं तेव्हा. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, पण मला वाटलं आता पाहतील. म्हणून मी ओरडले. तू दारात आणखी थोडा वेळ थांबला असतास तर कोणाला तरी सुचलं असतं, गच्चीवर जाऊन बघू. म्हणून मी कडी घातली.

नऊ वर्षांपूर्वी मिस्त्रीने पहिलं टोक खरवडून दाखवलं तेव्हा पक्कं कळलं. त्या दिवशी घरी येऊन मी गच्चीकडे बघितलंसुद्धा नाही. अलीकडच्या दोरीवर कपडे घालायला लागले.

शुक्रवारी तो सांधा कापून काढला. टोकं खरवडली, पिळली, वर कथील दिलं. शनिवारी घड्याळजीचा फोन आला, आला, तुझा बाप आला, हात थरथरतोय पण तोच आहे. मी फोनवर रडले नाही. मिस्त्री बघत होता.

बाबांनी विचारलं, काय होतं. मी सांगितलं, सांधा गंजला होता. त्यांनी दोनदा ठोकलं.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय, ते शहाणपण नाही, भित्रेपणा आहे. तू समुद्रापलीकडे आहेस, ते टेबलापलीकडे.

रविवारी, आठ तारखेला, सकाळी साडेसहा. तुमच्या जागेवर. ते हाक मारतील. सोमवारी संध्याकाळी त्यांना दवाखान्यात भरती करायचं आहे, तेव्हा हा एकच दिवस आहे. माझ्यासाठी ऐकू नकोस. माझं तोंड पुन्हा बघू नकोस. त्यांना फक्त कळू दे की तू आहेस.

ताई


९ नोव्हेंबर, सोमवार

ठोक्या,

हे पत्र टपालाचं नाही. दाराला लावते आहे, आतल्या पाकिटासकट. जिथे बोलले तिथेच.

पाकीट बघ, तिकीट आहे पण शिक्का नाही. गुरुवारी मी स्वतः धक्क्यावर गेले होते, बोटीच्या थैलीत जाताना डोळ्यांनी बघावं म्हणून. वारा इतका होता की खिडकीतल्या माणसाने पाकीट धरूनच ठेवलं होतं. म्हणाला, बोट नाही, समुद्र बसला की सोमवारी सुटेल, तेव्हा आणा. मी म्हटलं, सोमवारी मला काय त्याचं लोणचं घालायचंय. त्याने पाकीट परत दिलं. ते पर्समध्ये घालून घरी आले आणि तीन दिवस बाबांना सांगितलं नाही. रोज सकाळी मी गच्चीवर जाऊन वारा पडलाय का बघायचे.

रविवारी सहाला बाबा उठून तयार. स्वच्छ शर्ट घातला होता. खटक्यापाशी टॉवेल, कानाला हेडफोन, बॅटरी मी आदल्या दिवशी भरून ठेवली होती. तेव्हा सांगावंच लागलं. म्हटलं, पत्र गेलं नाही. त्याला ठाऊक नाही.

त्यांनी पाटीवर लिहिलं, मग कोण ऐकणार. ते पुसलं आणि लिहिलं, तेव्हाही ऐकत नव्हता. हेडफोन काढून ठेवला आणि बटण बंद करायला हात पुढे केला.

मी तो हात धरला. बाबांचा हात मी शेवटचा कधी धरला होता, आठवत नाही. आणि सांगितलं. चादर, तार, पिळे, दार, कडी, सगळं, तुला लिहिलं त्याच क्रमाने, कारण तोच पाठ झाला होता. कापलेला सांधा डब्यात ठेवला होता, तो त्यांच्या तळहातावर ठेवला. बारीक दिसत नाही म्हणून त्यांनी तो बोटांनी चाचपला. पिळे मोजले. अंगठ्याच्या नखाने एका टोकाचा मुलामा खरवडून बघितला.

मी म्हटलं, मारा मला, पण आधी हाक मारा. साडेसहा व्हायला चारच मिनिटं आहेत.

माझ्याकडे बघितलं नाही. सांधा शर्टाच्या खिशात घातला, हेडफोन चढवला आणि खटक्यावर हात ठेवला.

मला ठोके कळत नाहीत. तुझं नाव तेवढं कळतं, लहानपणी तू ते ताटावर चमच्याने वाजवायचास आणि आई ओरडायची. तेच ते वाजवत होते. मग थांबायचे, ऐकायचे, पुन्हा. थरथरणारा हात, मधला ठोका कधी लांबायचा, कधी दोनाचे तीन व्हायचे. घड्याळात सहा छत्तीस झाले. सहा एक्केचाळीस झाले. मी मनात हिशेब करत होते की आता थांबवायचं कसं. अर्ध्या बल्बाएवढी ती ताकद, समोर समुद्र, आणि कोणी बसलंय याची खात्री कोणाला नाही.

मग बाबांचा हात खटक्यावरून उठला आणि हवेतच राहिला. दुसऱ्या हाताने पाटी ओढली. एकेक अक्षर लिहायला लागले. मी मागून वाचत होते.

बा बा का?

मी हेडफोनचा एक कान ओढून माझ्या कानाला लावला. खरखरीच्या खाली, फार खाली, किड्यासारखा बारीक आवाज. इतका व्यवस्थित, इतका एकसारखा. तू लहानपणीही असाच एकसारखा वाजवायचास.

ठोक्या, तू तिथे होतास. पत्र नाही, निरोप नाही, कोणी सांगितलेलं नाही, आणि तू साडेसहाला त्या जागेवर बसला होतास. किती वर्षं बसतोयस, हे मी विचारणार नाही. उत्तर ऐकायची माझी ताकद नाही.

पुढचं पाटीवर जसं उतरलं तसं लिहिते, बाबा स्वतःचंही आधी पाटीवर लिहायचे आणि मग ठोकायचे. पाटी पुसली गेली, म्हणून हे कागदावर राहायला हवं.

तू: तेव्हाही रोज बसत होतो.

बाबा: माहीत आहे.

तू: मग.

बाबा: तार तुटली होती. मी तपासली नाही.

मी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. म्हटलं, माझं नाव सांगा. त्यांनी डोकं हलवलं. नंतर, सगळं संपल्यावर, पाटीवर लिहिलं, सेट माझा, तार माझी, रोज तपासायचं काम माझं. मला राग आला. अकरा वर्षं माझ्या छातीवर बसलेली गोष्ट त्यांनी दोन ओळींत स्वतःच्या नावावर करून टाकली.

मग बाबांनी गळ्याचं सांगितलं. मंगळवारी कापणार, आवाज जाणार. तू कळवलंस, बोट सुटली की निघतो. त्यांनी लिहिलं, सावकाश ये. तू कळवलंस, नाही.

आज सकाळी वारा पडला. बोट गेली, धक्क्यावर विचारून आले. उद्या संध्याकाळी ती तुला घेऊन येईल. पाकीट आज तिच्यातून पाठवता आलं असतं, किंवा चुलीत घालता आलं असतं. चुलीपर्यंत नेलं होतं. तुला काहीच ठाऊक नाही, बाबा सांगणार नाहीत, शिंपिणीला फक्त माझं ओरडणं आठवतं. तू आला असतास, मी पाणी दिलं असतं, तार जुनी होती असं म्हणून मोकळी झाले असते. वरून जोड आणि आतून काही नाही.

म्हणून आतलं पाकीट आधी वाच. पत्ता मिस्त्रीच्या अक्षरात आहे, आतलं सगळं माझं.

चावी शिंपिणीकडे. ती गप्पा मारेल, थांबू नकोस. सांधा मी बाबांच्या खिशातून मागून घेतला, खुंटीवरच्या डब्यात आहे. हातात घेऊन बघ. मग काय ठरवायचं ते ठरव आणि दवाखान्यात ये. दुसरा मजला, डावीकडचा शेवटचा दरवाजा. मी व्हरांड्यातल्या बाकावर असेन. तुला नको असेल तर सांग, मी खाली फाटकाशी जाऊन बसेन, पण आत मात्र जा. बाबा पलंगाच्या कठड्यावर ठोकतील, नर्सला वाटेल वेदना होतायत म्हणून. मलाही कळणार नाही. तुला कळेल.

दाराला आतून कडी नाही. कुलूप आहे ते फक्त चोरांसाठी.

ताई

ता. क. सेट टेबलावर आहे. हवं ते उघडून बघ, पण मधल्या कडीला हात लावू नकोस. ती मी तीनदा गुंडाळलीय.